पाटाची उलटी फेरी

मी लाकडावर मशीन चालवायला घेतली की आमचे मिस्टर प्लग हातात धरून उभे राहतात. बोर्डातून काढलेला प्लग. मी पातं बदलते, दोन पान्यांनी आवळते, चष्मा चढवते. मग ते विचारतात, "लाइन क्लियर?" मी "क्लियर" म्हटल्याशिवाय प्लग बोर्डात जात नाही. ते मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीनंतर हातातली झेंडी गेली, आणि तेव्हापासून घरात ते कशाला ना कशाला परवानगी देत असतात. कुकरची तिसरी शिट्टीसुद्धा आपल्याला विचारून व्हावी असं त्यांना वाटतं. पण प्लगच्या बाबतीत मी त्यांना हसत नाही. पूर्वी हसायची.

मशीनचं नाव राऊटर. इंटरनेटचा नव्हे, सुताराचा. दोन मुठी असतात, मधे मोटर आणि खाली बोटभर लांबीचं पातं. ते मिनिटाला वीस-पंचवीस हजार वेळा फिरतं. लाकडाची धारदार कड गोल करायची, खाच पाडायची, नक्षी काढायची तर हीच मशीन लागते. दिसायला मिक्सरच्या थोरल्या भावासारखी, पण मिक्सरला झाकण असतं.

मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवलं. सुरुवात सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यात झाली, शेवट गोंदियाजवळ. कुडव्यात घर बांधलं आणि निवृत्त झाले. माझ्याबरोबरच्या बायका भजनी मंडळात गेल्या, भिशीत गेल्या. भजनात माझा सूर लागत नाही आणि भिशीत माझं कुणाशी पटत नाही. चार महिने मी घरात बसून फक्त चिडले. तेवढ्यात स्वयंपाकघराची कपाटं करायला एक मिस्त्री आले.

मिस्त्री सालेकशाकडचे. जंगलाला लागून गाव, थोडी धानाची शेती, आणि वीसएक वर्षं गोंदियात सुतारकाम. मी रोज स्टूल टाकून त्यांच्यासमोर बसायची आणि विचारायची, हे असं का, ते तसं का. तिसऱ्या दिवशी त्यांनी रंधा खाली ठेवला. "मॅडम, काम पाहून राहिल्या का परीक्षा घेऊन राहिल्या?"

"शिकायचंय," मी म्हटलं. मग त्यांनी एक फळीचा तुकडा आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घासा." मी दोन दिवस घासलं. अशी माझी शिकवणी सुरू झाली. वर्षभरात मी दोन स्टुलं, एक चपलांचा रॅक आणि मिस्टरांच्या पेपरासाठी एक फळी केली. फळी जरा तिरकी लागली आहे. पेपर आपोआप एका बाजूला सरकतो, पण ते तक्रार करत नाहीत.

राऊटर घ्यायला मी गोंदियाच्या बाजारात एकटीच गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मिस्त्री को भेज दो, वो देख के ले लेगा." मी म्हटलं, "मिस्त्री मैं ही हूँ." त्यानं मला कपाळापासून चपलेपर्यंत बघितलं, मशीन काढली, आणि ती मला न दाखवता शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाला समजावून सांगितली. त्या बिचाऱ्याला खिळे घ्यायचे होते. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मिस्त्रींनी मशीन सुरू करण्याआधी मला अर्धा दिवस नुसतं बोलून घाबरवलं. पातं बदलताना प्लग बाहेर, बटण बंद असून चालणार नाही. पातं मशीनच्या तोंडात पार तळाला टेकवायचं नाही, टेकवून मग जरासं वर घ्यायचं आणि आवळायचं, नाहीतर चालू मशीनमधून सटकतं. फळी शिकंज्यानं, म्हणजे क्लॅम्पनं, टेबलाला बांधायची, मांडीनं किंवा नवऱ्यानं दाबून धरायची नाही. एका घासात सगळं खायचं नाही, पातळ पातळ तीन-चार वेळा घ्यायचं. बटण बंद केलं तरी पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन उचलायची नाही, खालीही ठेवायची नाही. आणि पदर नको, ओढणी नको, हातमोजे नकोत, बांगड्या नकोत.

बांगड्यांवरून घरात पहिला खटका उडाला. सवाष्णीनं रिकाम्या मनगटानं बसायचं म्हणजे काय, असं सासूबाईंचं म्हणणं. शेवटी तोड निघाली. मी बांगड्या काढायच्या, पण त्या मिस्टरांच्या खिशात ठेवायच्या, म्हणजे त्या नवऱ्यापासून लांब गेल्या असं होत नाही. तेव्हापासून आमचे हे हातात प्लग आणि खिशात बांगड्या घेऊन उभे असतात. जरा हलले की वाजतात.

सगळ्यात शेवटी मिस्त्रींनी दिशा शिकवली. फळी समोर ठेवली, तिची कड माझ्या पोटाकडे, आणि मशीन माझ्या हातात. "डावीकडून उजवीकडे," ते म्हणाले. "बास. याच्यात डोकं लावाचं नाही."

मी गणिताची. डोकं लावायचं नाही म्हटलं की माझं डोकं उठतं. "का पण?"

"मॅडम, बैलगाडी पाहिली ना? चढावर बैल वढते, गाडी मांगं राहते, आपल्या हातात राहते. उतारावर गाडीच बैलाले ढकलते. पातं फिरते या अंगानं." त्यांनी हवेत बोट फिरवलं, घड्याळाच्या काट्यासारखं. "डावीकडून उजवीकडे गेलं का चढाव. लाकूड अडवते, मशीन दबून चालते. उलटं गेलं का उतार. पातं लाकडाले धरून धावते. मंग मशीन तुमाले घेऊन जाते, तुमी मशीनले नाही."

हे मला पटलं. मी वहीत आकृतीही काढली. फळीच्या चारी कडा बाहेरून एकामागून एक घ्यायच्या तर मशीन घड्याळाच्या उलट फिरते. चौकटीच्या आतून घ्यायची असेल तर सुलट. मी खाली रेघ मारली आणि वही मिटली. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं मला म्हणताच येत नाही.

आता सासूबाई. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं आपल्याला हवं तेवढं येतं. डोळे मात्र असे, की अंगणाच्या त्या टोकाला मी पोह्यांत साखर घातली तरी त्यांना इथून दिसतं. आयुष्यभर त्यांनी बिड्या वळल्या, त्यावर मुलगा शिकवला. अजून रिकाम्या बसल्या की त्यांची बोटं काहीतरी वळत असतात. दिवसभर ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या माझं काम बघतात. मी त्यांना आई म्हणते. त्या मला "काय वं" म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत त्या काहीही बसवू शकतात.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती नागपूरला नोकरी करते. तिनं फोनवर सांगितलं, "आई, बाकी सगळं हॉलवाले करतील. नवरा-नवरीचे दोन पाट मात्र तू कर. मी तुझ्या पाटावरच बसणार." मी फोन ठेवला आणि आत जाऊन थोडी रडले. मग बाहेर येऊन मिस्टरांवर उगाच ओरडले, म्हणजे कुणाला कळू नये.

पाटाचं लाकूड सासूबाईंनी दिलं. त्यांच्या आंदणाचा सागवानी पलंग होता. खूर किडले, पट्ट्या गेल्या, पण डोक्याकडची आणि पायाकडची फळी लोखंडासारखी राहिली होती. बरोबर दोन फळ्या, बरोबर दोन पाट. तिसरी फळी नाही. सासूबाईंनी दोन्हींवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "घे. नातीच्या बुडाखाली गेल्या तं सोनं झालं."

मी फळ्या साफ केल्या, मापात कापल्या, घासल्या. आता फक्त कडा गोल करायच्या राहिल्या. त्याआधी एका टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा म्हणून मी मशीन चालवून बघत होते, तेवढ्यात ओसरीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

"काय वं! उलटी काऊन फिरून राहिली?"

मी मशीन बंद केली. पातं थांबेपर्यंत थांबले. "आई, ती अशीच फिरवायची असते."

"लगनाच्या पाटाले उलटी फेरी? देवाले आपन कसं फिरतो? आरती कशी फिरवतो? उलट्या फेऱ्या मसनात घालतेत वं!"

मी वही आणली. आकृती दाखवली. बाण दाखवले. त्यांनी वही सरळ धरली, उलटी धरली आणि परत दिली. मी चढाव-उतार सांगितला. त्या म्हणाल्या, आमच्या अंगणात चढाव कुठं आहे. मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. "आई, हे वरून बघितलं तर उलटं दिसतं. पण हीच फेरी फळीच्या खालून बघितली तर सुलटी दिसते. घड्याळाच्या मागे उभं राहून काटे बघा, तसंच." गणितात हे शंभर टक्के बरोबर आहे. शाळेत मी यावर टाळ्या घेतल्या असत्या.

"खालून पाहाले कोन बसलं आहे?" सासूबाई म्हणाल्या.

मिस्टर प्लग धरून खिडकीतून पलीकडे बघत होते. आई आणि बायको यांच्या मधे उभं राहायचा त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे. अशा वेळी ते सिग्नल नसलेल्या गाडीसारखे जागच्या जागी थांबतात.

दोन दिवस घरात अबोला होता. म्हणजे सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण माझ्याबद्दल शेजारणीशी पुष्कळ बोलत होत्या, आणि तेही उजवा कान माझ्याकडे करून. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना एवढंच म्हटलं, "फळ्या माह्या होत्या. आता तुह्या आहेत. कर तुले जसं कराचं तसं." रागावल्या असत्या तर मी दुप्पट रागावले असते. पण त्यांनी फळ्या सोडून दिल्या, ते मला सहन झालं नाही.

म्हणून मी मान्य केलं. माझं मलाच सांगितलं, की अगदी पातळ घास घेऊ, मशीन घट्ट धरू, एकदाच सुलटी फेरी मारू, म्हणजे म्हातारीचा जीव शांत. मग उरलेलं काम बरोबर दिशेनं करून टाकू. तेहतीस वर्षं मी मुलांना बजावलं, की चुकीच्या रीतीनं बरोबर उत्तर येत नसतं. आणि घरी येऊन हे.

सकाळी अकराचा सुमार. नवऱ्यामुलाच्या पाटाची फळी मी टेबलाला बांधली. सासूबाई हळदीकुंकू घेऊन आल्या, फळीला लावलं, मशीनलाही लावलं. मिस्टरांनी विचारलं, "लाइन क्लियर?" मी म्हटलं, "क्लियर." प्लग गेला. उजव्या कोपऱ्यापासून डावीकडे निघाले.

निघाले म्हणते, पण मी कुठली निघते! पातं लाकडाला लागलं आणि मशीन सुटली. दावं तुटलेलं गोऱ्हं जसं पळतं, तशी ती कडेवरून उड्या मारत डावीकडे गेली आणि मी तिच्या मुठी धरून तिच्यामागे. दोन फुटांची फळी डोळ्यांची पापणी लवेपर्यंत संपली. डाव्या कोपऱ्यावर तिनं लाकडाचा एक लचका तोडला, उसळली आणि वळून माझ्या पोटाकडे आली. माझा अंगठा टेबलाच्या कडेवर आपटला आणि नख उलटलं. तेवढ्यात आवाज बंद झाला. मिस्टरांनी प्लग उपटला होता. तरी पातं फिरतच होतं, माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर.

पहिल्यांदा सासूबाई बोलल्या. लचका त्यांच्या खुर्चीकडून दिसत नव्हता.

"पाह्य! सुलटी कशी पटकन गेली! ढकलाही नाही लागली."

त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी आत जाऊन बसले. मिस्टरांनी नखाला पट्टी बांधली, ती दोनदा सुटली. दुपारी त्यांनी रीतसर अपघाताची चौकशी लावली. डायरी काढली, पेनाचं टोपण काढलं. "गाडी चुकीच्या दिशेनं गेली, हे चालकाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सिग्नल कुणी दिला?"

"तुमच्या आईनं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चौकशी तहकूब," म्हणाले, आणि मशीन त्यांच्या नोकरीतल्या लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं.

मी किल्ली मागितली नाही. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. आयुष्यात मी शाळा तपासणीला घाबरले नाही, पण आता ओसरीत त्या टेबलाजवळून जाताना पोट आत ओढून जायची. मुलीचे फोन येत होते. "आई, पाट झाले?" मी म्हणायची, "होताहेत." मनात म्हणायची, एका पाटाचा कोपरा गेला, दुसऱ्याला हात लावायची हिंमत नाही, आणि बाजारातून आणलेल्या पाटावर तुला बसवलं तर तू काही बोलणार नाहीस, हेच मला जास्त लागेल.

पाच-सहा दिवसांनी मिस्त्री आले. मिस्टरांनीच गुपचूप बोलावलं होतं. त्यांनी फळी उचलली, कोपरा बघितला, मग माझा अंगठा बघितला.

"उलटी चालवली," ते म्हणाले.

"सुलटी चालवली," मी म्हटलं.

"सुलटी चालवली तं असं होत नाही मॅडम."

"अहो, तुमची उलटी म्हणजे आमची सुलटी!" मी ओरडले, आणि मग सगळं सांगितलं. प्रदक्षिणा, आरती, मसनातल्या फेऱ्या, हळदीकुंकू, सगळं. मिस्त्री ऐकत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. शेवटी त्यांना आवरेना. ते टेबलाला धरून हसले.

"तुमची मशीन तं आमच्याकडली आहे मॅडम!"

"म्हणजे?"

"आमी गोंड मानसं. आमच्यात सगळं असंच फिरते." त्यांनी हवेत मोठी फेरी काढली, उजवीकडून वर, वरून डावीकडे, घड्याळाच्या बरोब्बर उलट. "नांगर असाच हाकतो. खळ्यावर धान चुराले बैल असेच फिरवतो. नाचतो तं असंच. लगनाच्या फेऱ्याही अशाच."

"लगनाच्या?" हा आवाज खुर्चीकडून आला. सासूबाईंचा उजवा कान लागला होता.

"हो आजी."

सासूबाईंनी त्यांना हातानं जवळ बोलावलं. मिस्त्री जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी पायरीवर बसले. मी आणि मिस्टर टेबलाजवळच उभे. मला वाटलं, आता म्हातारी त्या भल्या माणसाला काहीतरी लागट बोलणार आणि माझी शिकवणीही जाणार.

"तुह्यं लगन उलट्या फेऱ्यायनं झालं?"

"आमच्यासाठी त्याच सुलट्या, आजी. पन हो, तशाच."

"किती वर्सं झाले?"

"तेवीस."

"बायको आहे?"

"आहे ना. आताच फोन आला होता तिचा."

"काय म्हने?"

"भांडत होती."

"रोज भांडते?"

"रोज. सनवारालेही सुट्टी नाही."

"लेकरं?"

"तीन. ऐकत नाहीत, पन चांगले आहेत."

"तुह्यी तबेत?"

"चांगली आहे, आजी. काय झालं मले?"

सासूबाईंनी मान हलवली. त्यांची बोटं मांडीवर नसलेली बिडी वळत होती. मिस्त्री उठले आणि कोपऱ्याचा इलाज सांगू लागले. स्वयंपाकघरातलं एक ताट आणलं, कोपऱ्यावर ठेवलं आणि पेन्सिल फिरवली. चारी कोपरे असेच मोठे गोल करायचे, दोन्ही फळ्यांचे, म्हणजे लचका त्यात निघून जाईल आणि जोडीला जोडी राहील. पण आता पुढं जागा नाही, ते म्हणाले. पुन्हा चावा घेतला तर फळी गेली. त्यांनी स्वतःच करवतीनं कोपरे कापून दिले. कड मात्र करून द्यायला तयार नव्हते.

"तुमच्या पोरीचे पाट आहेत. तुमीच करा. घाबरलं मानूस आता बरोबर चालवते."

मिस्टरांनी पेटी उघडली. मशीन टेबलावर आली. मी पातं बघितलं, दोन पान्यांनी आवळलं, बांगड्या काढून यांच्या खिशात टाकल्या. सगळं झालं तरी मी सासूबाईंकडे बघेना. कारण यावेळी कोणत्या दिशेनं चालवायची ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांच्या पलंगाच्या फळीला त्यांच्यादेखत मसनातली फेरी घालायची, हे माझ्याच्यानं होत नव्हतं. त्यांना आत जाऊन पडायला सांगावं, असंही मनात आलं.

"माह्या सुलट्याच होत्या," सासूबाई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. "काय आई?"

"फेऱ्या. माह्या लगनात. सातही सुलट्या. भटजीनं मोजून घेतल्या होत्या."

माझे सासरे मी पाहिलेले नाहीत. लग्नानंतर सहा वर्षांनी ते तापानं गेले. मिस्टर तेव्हा चार वर्षांचे होते. त्याच पलंगावर गेले, हे मला चुलत सासूबाईंनी कधीतरी सांगितलं होतं. मला या घरची सून होऊन चाळीस वर्षं झाली. सासूबाईंच्या तोंडून मी त्यांच्या लग्नाचा एक शब्द ऐकला नव्हता. मिस्टरांनीही ऐकला नसावा, कारण ते प्लगकडे बघत राहिले आणि खिशातल्या बांगड्या वाजल्या.

"चालव तुले जशी चालवाची तशी," सासूबाई म्हणाल्या. "बोटं सांभाळ वं बाई."

मिस्त्रींनी मला पुष्कळ नियम सांगितले होते, पण डोळ्यांना दिसत नसताना मशीन सुरू करू नये हा नियम त्यांनी सांगितला नव्हता. तो त्या दिवशी माझा मीच केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तरी फळीची कड दिसेना. मग आत जाऊन सगळ्यांना चहा ठेवला. चहा झाल्यावर बाहेर आले आणि दोन्ही फळ्यांच्या चारी कडा डावीकडून उजवीकडे घेतल्या, पातळ पातळ, तीन तीन वेळा. सासूबाई खुर्ची टेबलाजवळ ओढून शेवटपर्यंत बसल्या होत्या. त्यांच्या केसांवर भुसा पडला, तो त्यांनी झटकला नाही.